देव पाण्यात

बाबा, पातेल्यातला गणपती बादलीत तुम्ही काहून ठेवला, हे मी आईले शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, चौबे कॉलोनीत घरोघरी पेढे वाटले, आणि तुमच्या सरकारी ऑफिसात मात्र सगळ्यांची तोंडं उतरली. कोण इथं राहणार, कोण भोपाळले जाणार, याची यादी निघणार होती. आपल्या घराचं तर प्लास्टरही वाळलं नव्हतं. आईनं देव्हारा रिकामा केला आणि सगळे देव पातेल्यात बुडवले. रायपूर मिळालं की काढीन, म्हणे, तोवर राहू दे पाण्यात.

तुम्ही चहा पिता पिता हसले. "काहून बुडवून राहिली त्याईले? यादी भोपाळात बनून राहिली, तुझ्या पातेल्यात नाही!" आपण देव मानत नाही, हे तुम्ही दूधवाल्या भैयालेही ऐकवायचे.

अन् एका दुपारी मी शाळेतून लवकर येते, तर तुम्ही स्वयंपाकघरात उकिडवे बसलेले. पितळी गणपती उंच, त्याचं डोकं पाण्याबाहेर. तुम्ही त्याले दोन्ही हातांनी उचलून बादलीत उभं करता, वरून तांब्या तांब्या पाणी ओतता आणि हळूच म्हणता, "भोपाळात मले कोणी नाही रे बाप्पा." मले पाहून असे दचकले! "आईले सांगशील तर तंगडं तोडीन, पोट्टे!" आईले म्हणाले, पातेलं गळून राहिलं होतं, म्हणून बादलीत ठेवला.

यादीत रायपूर आलं. "नियमानं झालं," तुम्ही म्हणाले. पण देव पुसायले टॉवेल तुम्हीच आणून दिला.

आता माझ्या मानेत गाठ निघाली. तुकडा तपासायले गेला, रिपोर्ट सोमवारी. मी पण तुमच्यावरच गेली, उपास नाही की तापास नाही. पण लय भेव लागते, बाबा. शेवटी आईचे देव काढले आणि पाण्यात ठेवले. पोरगा म्हणे, "मम्मी, भगवान को पनिशमेंट क्यों दे रही हो?" मी त्याले म्हटलं, गप बस, तुले नाही समजत. मले तरी कुठं समजते!

एक सांगते, रागावू नका. एकट्या देवांवर माझा भरवसा बसेना. म्हणून तुमचं ऑफिसचं आयकार्ड, तुम्ही गेल्यावर मी जपून ठेवलेलं, ते प्लास्टिक चढवलेलं, फोटोवालं, त्याच पाण्यात ठेवलं आहे. रिपोर्ट चांगला आला की आधी तुमाले काढीन.