पुन्हा तोच सल्ला

शिरूर, रविवार, १५ जून २००३

आज वडगाव रासाईचे बिरूआप्पा मुलाला, संतोषला, घेऊन आमच्या सुनीताला बघायला आले. संतोष माझाच विद्यार्थी. बारावीनंतर त्याला इंजिनिअर करा, मुलींचे बाप तुमच्या दारात येतील, हे आप्पांना सांगणारा मीच. डिग्री झाली, पण आता तो ठेकेदाराकडून कारखान्यात मशीन चालवतो. मला हे ठाऊक होतं. तरी सर्वांसमोर विचारलंच, "पर्मनंट आहेस का?"

त्याने चमचा पोह्यांच्या बशीत ठेवला.

"न्हाई अजून," आप्पाच हसत म्हणाले. "पोरीचं बाप दारात येतील म्हणला व्हता, सर. आता आम्हीच तुमच्या दारात आलोय."

मी "कळवतो" म्हणालो. कळवतो म्हणजे नाही, हे आप्पांनाही कळलं असणार.

निघताना ते म्हणाले, "धाकटी बारावी पास झाली. तिला काय करू?"

"इंजिनिअरिंग," मी म्हणालो. का म्हणालो? दुसरं काही सुचवणं म्हणजे संतोषच्या वेळी चुकलो हे कबूल करणं, म्हणून? आप्पांनी विश्वासाने मान हलवली.

संतोषची बशी तशीच भरलेली होती. सुनीताने ती उचलली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.