शिंकं टांगायला जागा

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही नीट लिहिता येत नाही. शाळा चौथीपर्यंत, तीही म्हसवडला मावशीकडं राहून. पण आज सकाळपासून जिवाला स्वस्थता नाही. दोनदा नळ बघून आलो, तीनदा दाराची कडी. शेवटी तुझी सून म्हणाली, "आवं, बसा की एका जागी. घर काय पळून जातंय व्हय?" म्हणून बसलोय, आणि नातीची जुनी वही सापडली तिच्यात लिहितोय.

घर पळून जात नाही, पण आपल्यालाच कधी उठावं लागेल सांगता येत नाही, ही धास्ती माझ्या अंगातून गेली नाही. कुपवाडच्या कारखान्यात लागलो तेव्हापासून ही सहावी भाड्याची जागा. जुन्या मालकाला तिथं इमारत उठवायची होती, म्हणून दीड महिन्यापूर्वी इकडं सांगलीत आलो. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं बसायला कट्टा. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात, शाळेत शिकवतात. बाई चांगल्या आहेत. तरी दीड महिना बोचकी भिंतीला लावून तशीच पडून. लागेल तेवढं सोडायचं, काम झालं की परत गाठ मारायची. चहाची गाळणी पिशवीत, पिशवी खिडकीच्या गजाला. कॅलेंडर कॉटवर उशीला टेकवून उभं करायचो, ते पंख्याच्या वाऱ्यानं पडायचं, मी परत उभं करायचो.

गेल्या सोमवारी ते असंच पडलं, आणि तुझी सून म्हणाली, "रविवारपातूर हे घर लावा. न्हाईतर मी रहिमतपूरला लेकीकडं जाते. तिथं निदान डबं फळीवर हायत. हितं मला एस्टी स्टँडवर बसल्यागत वाटतंय." मी म्हटलं, "भिंती नव्यानं रंगवल्यात. मालकीण काय म्हणंल?" ती म्हणाली, "जलमभर लोखंडाला भोकं पाडली, आन घरात एक खिळा मारायला हात कापतोय." ओरडून बोलली असती तर मी घाबरलो नसतो. ती शांतपणे बोलली आणि दोन लुगडी घडी करून पिशवीत भरली. पिशवी दाराशी ठेवली. तिचे गुडघे गेलेत आये, एकदा गेली की पुन्हा एवढा प्रवास करून यायची नाही. जावयाच्या घरी मी चार दिवसांच्या वर राहू शकत नाही. आणि ती नसताना या दोन खोल्यांत मी नळ आणि कडी बघत किती दिवस काढणार?

गुरुवारी हातोडा शोधायला म्हणून सगळ्यात खालचं बोचकं सोडलं, तर त्यात तुझं शिंकं निघालं. शेळीच्या केसांची दोरी, काळी आणि मधूनमधून पांढरी, चार पदर, खाली टोपलं बसेल अशी गुंडाळी. नाकाशी धरलं. वास अजून आहे. मी लगेच सात-आठ वर्षांचा होतो. आपण माणचा दुष्काळी मुलूख सोडून मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलोय. कुणाच्या तरी रानात खतासाठी दोन दिवस मेंढरं बसवायची आहेत. बा घोड्यावरचं ओझं उतरवतोय. तू अजून पाणीसुद्धा प्यालेली नाहीस, आणि आधी झाडाची फांदी शोधतेस. शिंकं टांगतेस, त्यात भाकरीचं टोपलं ठेवतेस, कुत्र्याचं तोंड पोचत नाही ना ते बघतेस, मग म्हणतेस, "झालं बिऱ्हाड." मग तीन दगड, मग चूल. परवा इथून उठायचंय हे तुला ठाऊक असायचं, तरी फांदी निवडताना तू घाई करायची नाहीस. एखादी फांदी आवडली नाही तर दुसऱ्या झाडाकडं जायचीस, आणि बा वैतागायचा.

तू माझ्या खोलीवर एकदाच आलीस. माझं नवीन लग्न झालं होतं. कुपवाडची पहिली खोली, वर पत्रा, पत्र्याखाली लाकडी वासा. एस्टीतून उतरून चालत आलीस, दारात पाय धुतलेस, काखेतल्या गाठोड्यातून हे शिंकं काढलंस आणि वर बघत म्हणालीस, "कुटं टांगू रं?" मी म्हटलं, "आये, मालक खिळा मारू देत न्हाई." तू वाशाकडं बघितलंस. मग म्हणालीस, "आमी दोन दिसाच्या रानात टांगतो. तू हितं ऱ्हातोस का नुसता थांबलायस?" शिंकं गुंडाळून सुनेच्या हातात दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलीस. सुगी संपली की परत येते म्हणाली होतीस. सुगीच्या आतच तू गेलीस.

काल, शनिवारी, धीर करून वर गेलो. मालकीणबाई वह्या तपासत होत्या. खिळ्याचं विचारलं तर त्यांनी चष्मा काढला. "काका, खिळ्याला काय विचारायचं? तुम्ही सामान सोडत नाही, मला वाटलं गावी परत जाणार. मी दुसरे भाडेकरू बघायला लागले होते की." जिना उतरलो तो घरात न शिरता तसाच बाहेर पडलो.

कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडून भोकं पाडायची मशीन आणली. कॅलेंडरला एक, आरशाला एक, फळीला चार. शेवटी स्वयंपाकाच्या खोलीत छताला भोक पाडून हूक बसवला. तुझी सून स्टूल धरून उभी. डोक्यावर धूळ पडत होती तरी सांगत होती, "जरा चुलीकडं घ्या, माझा हात पोचाय पायजे." शिंकं टांगलं. तिनं त्यात भाकरीचं टोपलं ठेवलं, हलवून बघितलं. मग दाराशी जाऊन पिशवीतली लुगडी काढली.

आज जेवताना ती वर बघून म्हणाली, "आत्याबाईंनी बघाय पायजे व्हतं. त्यो पैला मालक लय वंगाळ बघा. म्हातारीला एक खिळा मारू दिला न्हाई."

मी म्हटलं, "व्हय."

आये, त्या मालकानं तसं काही म्हटलं नव्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या माणसांना मी सांगितलं होतं की आमची बागायत आहे, ऊस आहे. वाशाला शेळीच्या केसांचं शिंकं बघून त्यांनी ओळखलं असतं की आपण मेंढरांमागं फिरणारी माणसं, म्हणून तुझ्या तोंडावर ते बोललो. बायकोही तिथंच उभी होती, तिनं ते खरं मानलं. मग पुढच्या प्रत्येक जागेत मालक खिळा मारू देत नाही असंच तिला सांगत गेलो, आणि सांगून सांगून मलाच खिळ्याची भीती बसली.

एवढं लिहून झाल्यावर वहीतला कागद फाडून शिंक्यात ठेवायला उठलो होतो. परत बसलो. शिंक्यात तुझ्या सुनेचा हात पोचतो, आणि तिला वाचता येतं.