गाठीचं पानी तोडनारी गोळी

हरीओम भाऊ,

सात वर्सानं लिवून राह्यलो, तोंड वाकडं करू नको. माह्या मांडीच्या हाडातला कॅन्सर छातीत गेला. डॉक्टरीणबाईनं नवी गोळी देल्ली. म्हने, "काका, ही गाठीला रक्त नेणाऱ्या नव्या नसा रोखते. गाठीचं पाणीच तोडते!"

"मंग गाठ वाळन ना?"

"काही दिवस थांबते. पण कधी कधी दुसऱ्या वाटेनं रक्त ओढते."

मले हासूच आलं. सात वर्सांआंधी सामाईक विहिरीवरचा तुह्या संत्र्याच्या बागेचा पाइप म्याच तोडला होता. तू बोअर पाडला, अन् तुही बाग माह्यापेक्षा हिरवी झाली!

हे पत्र काई टाकत नाई. मोठ्या भावानं माफी मांगावी काय? काल पाइप जोडला. तुले पानी लागत नाई, माईत हाय. पन मले पानी सोडाच लागते.

तुहा पानीतोड्या भाऊ,
रामकिसन