थकण्याआधी बसा

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. मीसुद्धा नाही. मशीनला लॉगबुक असतं, तसं हे शरीराचं.
मणक्याच्या टीबीने सव्वा वर्ष आडवा होतो. परवा डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता राहिलाय तो थकवा, तोही हळूहळू जाईल. 'हळूहळू' हा शब्द मला आवडत नाही. बावीस वर्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळला. बंद पडलेली लाइन मी कधी हळूहळू चालू केलेली नाही.
एक एप्रिलला कामावर हजर. साहेबांना फोन करून सांगूनही टाकलं.
उद्यापासून पहाटे पाचला उठणे. दाढी उभ्याने करणे. हिला त्रास न देणे.

मंगळवार, ४ मार्च
गजर पाचला झाला. जाग हिला आली. उठलेच आहे तर म्हणून हिने कपडे धुऊन टाकले. म्हणजे गजर वाया गेला नाही.
दाढी उभ्याने केली. अर्धी. मग पाय कापसाचे झाले. उरलेली अर्धी पलंगावर बसून हिच्याकडून करून घेतली. हिचा हात जरा थरथरतो. म्हटलं, लक्ष देऊन कर, गळा माझा आहे.

शुक्रवार, ७ मार्च
फिजिओ येऊन गेली. वयाने लहान, पण पोरगी हुशार. तिचा एकच मंत्र: थकण्याआधी बसा. शंभर टक्के जमतंय असं वाटलं तरी पन्नासच करा, बाकीचं हातचं राखून ठेवा.
मला एकदम पटलं. मशीनसुद्धा कधी पूर्ण लोडवर चालवू नये.
हिने विचारलं, उरलेलं पन्नास कोण करणार? फिजिओ हसली. मीही हसलो. ही चहा ठेवायला आत गेली.

सोमवार, १० मार्च
मंत्र लागू. आज अर्धे कपडे घडी केले. अर्धे बटाटे सोलले. अर्धी खोली झाडली, दाराकडची. दमण्याआधी बरोबर थांबलो. थकवा शून्य. हा शोध लोकांना सांगायला हवा.
दुपारी तीनदा घंटी वाजवली. पाणी, उशी आणि पंखा. ही पितळी घंटी आमच्या वर्कशॉपमधली, जेवणाच्या सुट्टीची. भोंगा बसवला तेव्हा अडगळीत गेली होती, ती मी घरी आणली. मी प्लॅस्टरमध्ये होतो तेव्हा हिनेच ती माळ्यावरून काढून माझ्या उशाशी ठेवली. हाक मारून छाती दुखायला नको म्हणून. एका टोल्यात येते. हल्ली मात्र दोन लागतात.

बुधवार, १२ मार्च
हिला नवीन नाद लागलाय. बर्फ चघळते. फ्रीजमधून खडे काढते आणि कडाकडा फोडते. भर दुपारी, माझ्या विश्रांतीच्या वेळी. विचारलं तर म्हणते, काय की, सारखा खावासा वाटतो, जेवण मात्र जात नाही. म्हटलं, या वयात डोहाळे? हसली नाही. पूर्वी असल्या विनोदावर लाटणं घेऊन धावायची.

रविवार, १६ मार्च
मेहुणी आली होती. ती आली की घरात तपासणी पथक आल्यासारखं वाटतं. निघताना मला दारात गाठून म्हणाली, भाऊजी, ताईकडे जरा बघा हो.
बघितलं. ठीक आहे. थोडी उजळलीय, पण उन्हात जायला तिला वेळच कुठे मिळतो.
मेहुणीचं म्हणणं, तिचं रक्त तपासून घ्या. ही म्हणाली, एक तारखेला हे कामावर गेले की जाते. इतके दिवस थांबले, त्यात आणखी पंधरा दिवस.
म्हणजे माझ्या तारखेवर घरातल्या माणसाचा पूर्ण भरवसा आहे. खरं सांगायचं तर मन भरून आलं. जोमाने अर्धा तास व्यायाम करायचं ठरवलं. पंधरा मिनिटं केला.

बुधवार, १९ मार्च
मोठा दिवस. जिन्याची ट्रायल. तीन मजले खाली आणि तीन मजले वर.
योजना माझी. मी पुढे कठडा धरून, ही मागे घडीचं स्टूल घेऊन. प्रत्येक वळणावर स्टूल टाकायचं, मी थकण्याआधी बसायचं, मग पुढचा टप्पा. उतरताना झकास. चढताना दुसऱ्या वळणावर मी मागे वळून बघतो तर स्टूल टाकलेलं, आणि त्यावर ही बसलेली.
मी उभाच. ट्रायल माझी!
दोन मिनिटं म्हणाली. श्वास घेताना तिच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. असा आवाज पंपातून आला असता तर मी लाइन बंद करून पंप खोलला असता.
असो. ट्रायल यशस्वी. आल्यावर चार तास झोपलो, ते वेगळं.

शनिवार, २२ मार्च
माझा असिस्टंट, पोरगा चांगला आहे पण कान नाही, त्याचा फोन. कटिंग मशीन कुरकुरतंय, काय करू? म्हटलं, फोन मशीनजवळ धर. पलंगावर पडल्या पडल्या ऐकलं. सांगितलं, डावीकडचं बेअरिंग कोरडं पडलंय, आजच बघ, नाहीतर सोमवारी रडशील. तासाभराने परत फोन. बेअरिंग डावीकडचंच!
सव्वा वर्ष अंथरुणात काढलं तरी कान शाबूत आहे. मी पोरांना नेहमी सांगतो, कुठलंही यंत्र अचानक बंद पडत नाही. आधी आठ दिवस सांगत असतं. ऐकणारा पाहिजे.
फोन चालू असताना स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. मी दुसऱ्या कानावर हात ठेवून ओरडलो, जरा शांतता! नंतर कळलं, हिच्या हातून पातेलं सुटलं. बघायला गेलो तर फरशीवर बसली होती. गार वाटतं म्हणाली.

बुधवार, २६ मार्च
घंटी वाजवली. आली नाही.
परत वाजवली. बाजारात जाऊन येते म्हणाली होती, पण त्याला किती वेळ झाला. राग आला. जोरात वाजवली.
दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका. ही जिन्यात पडली होती. दुसऱ्या वळणावर.
एका हातात माझ्या औषधांची पिशवी. शेजारी घडीचं स्टूल.
काका म्हणाले, स्टूल तर त्या रोजच नेतात. महिना झाला असेल. प्रत्येक वळणावर बसत बसत चढतात. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.

शुक्रवार, २८ मार्च
हॉस्पिटल. तोच वॉर्ड. नर्सने मला ओळखलं आणि सवयीने पलंगाकडे बोट केलं. म्हटलं, या वेळी मी नाही.
रक्त अगदी तळाला गेलंय. डॉक्टरांनी विचारलं, जेवत होत्या का? धाप लागत होती का? बर्फ, माती असं काही खावंसं वाटत होतं का? मी सगळ्याला हो म्हटलं. सगळं मला माहीत होतं. मग त्यांनी विचारलं, घरी कुणाच्या लक्षात नाही आलं? म्हटलं, घरी मीच असतो.
दोन बाटल्या चढवल्या. तिसरी चालू आहे. हिचे ओठ चादरीच्या रंगाचे दिसतात. मला फार भीती वाटते. इतकी स्वतःच्या ऑपरेशनच्या वेळी वाटली नव्हती.
मेहुणी मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, २९ मार्च
पलंगाशेजारच्या खुर्चीत आहे. नातेवाइकाची खुर्ची. पाठ टेकली की पुढे सरकते, पाय लांब केले की कलते. रात्रभर मान कुठे ठेवायची, ते कळलं नाही. याच खुर्चीत ही माझ्याजवळ तीन महिने होती. मी सकाळी विचारायचो, झोप झाली ना? ही म्हणायची, छान झाली.
आता सकाळी हिने मला तेच विचारलं. मी छान म्हणालो. मग माझ्याच्याने तिथे बसवेना. बाहेर जाऊन रडून आलो.

मंगळवार, १ एप्रिल
कामावर गेलो नाही. साहेबांना कळवलं. ते म्हणाले, हळूहळू या.

बुधवार, २ एप्रिल
हिला घरी आणलं. जिना चढताना मी स्टूल घेतलं होतं. काकांनी ते माझ्या हातून घेतलं, कारण पहिल्याच वळणावर मी त्यावर बसलो.
नवे नियम. अर्धं काम बंद. सगळं मी करणार. हिने पलंगावरून हलायचं नाही. पलंगसुद्धा बदलले, खिडकीकडचा तिला. घंटी तिच्या उशाशी. काहीही लागलं तरी वाजवायची, अगदी पंखा लावायचा असला तरी. हो म्हणाली.
दूध उतू गेलं. भात खाली लागला. वरचा अर्धा खाल्ला.

गुरुवार, ३ एप्रिल
घंटी वाजली नाही.
दोनदा जाऊन विचारलं. काही नको म्हणते. गोळ्या मी देण्याआधीच घेऊन झालेल्या. पाण्याचा तांब्याही भरलेला होता. कधी उठली, मला पत्ता नाही. बजावलं, यापुढे घंटी. हो म्हणाली.

शुक्रवार, ४ एप्रिल, दुपार
आजही नाही. मनात आलं, घंटी बिघडली की काय. ही झोपली होती. घंटी हळूच उचलून हलवली. आवाज नाही.
आत कापूस. लोलकाभोवती नीट गुंडाळून बसवलेला.
ही जागी झाली. विचारलं, हे काय? म्हणाली, झोपेत चुकून हात लागून वाजली असती. तुमचा नुकताच डोळा लागला होता.
कापूस काढला. घंटी जागेवर ठेवली. म्हटलं, आता घंटीवर अवलंबून राहणार नाही. खुर्ची पलंगाला लावून बसलोय. बावीस वर्षं ज्या कानाने यंत्रं वाचवली, तो कान आता इथे. डोळ्यात तेल घालून जागणार. तिने नुसती कूस बदलली तरी ऐकणार. आज थकण्याआधी बसायचं नाही, बसल्यावर थकायचं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आत्ता जाग आली.
पलंग रिकामा. स्वयंपाकघरात चहा उकळल्याचा आवाज.
माझ्या अंगावर चादर आहे. मी घेतली नव्हती.