तीन लाख लोकांनी पाहिलेला खर्रा

जठारपेठ, अकोला
९ नोव्हेंबर २०२४

ती. मोतीराममामांस,
भावनाचा शि. सा. न. वि. वि.

तोंड उघडत नाही म्हणून तुम्ही फोनवर बोलत नाही, असं मामी म्हणाली. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी दिवाळीत प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तुम्ही शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या माईकवर बोलता तसं बोलत होता, जणू बैलजोडी सुटली. तो व्हिडिओ मीच टाकला. तीन लाख लोकांनी पाहिला. "मामा कडक", "एक पुडी इकडं पाठवा." मी हरखून सगळ्यांना बदाम पाठवत बसले. आता तुमच्या गालाचा तुकडा तपासायला गेलाय आणि लोक अजून हसताहेत. व्हिडिओ काढून टाकू का? तुम्ही तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवता, म्हणून विचारते.

माया असू द्यावी.
तुमची भाची, भावना

तिवसा
१४ नोव्हेंबर

चि. भावनास, अ. उ. आ.

तुयं पत्र भेटलं. तपासणीत कॅन्सर निघाला. सोमवारी अमरावतीले ऑपरेशन आहे. अठ्ठावीस वर्सं खर्रा मी खाल्ला, तू काहून रडून राहिली?

काल उन्हात बसल्या बसल्या डोळा लागला. पट भरला होता. धुक्यात पांढरे बैल कापसावरून पळून राहिले, खुरांचा आवाजच नाही. मी जोडीचं नाव पुकारलं, तं तोंडातून कापूस उडाला. भेव नाही वाटलं, उलट हलकं वाटलं.

मामीकडून मी दुसरा व्हिडिओ काढून घेतला. तोंड किती उघडते, तेवढंच दाखवलं. पहिला काढू नको. जे हसले त्यायलेच हा दिसू दे.

जीव लावतेस, तशीच लावत राय.
तुया मामा

अकोला
२१ नोव्हेंबर

ती. मामांस, शि. सा. न.

ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जिवात जीव आला. तुमचा व्हिडिओ टाकला, पण जेमतेम अकरा हजारांनी पाहिला. कोणी म्हणालं नाटक आहे. कोणी म्हणालं, आमचा आजा खर्रा खाऊन नव्वद वर्षं जगला. एकानं तर दुकानाचा पत्ता विचारला. खूप चीड आली.

मग तोच व्हिडिओ पाहून रिद्धपूरच्या मैनाबाई नावाच्या एका बाईंचा निरोप आला. घरात कोणाला न कळू देता त्या बारा वर्षं खर्रा खाताहेत. आता भाजी तोंडात घेतली की आग होते. बाईमाणसाला लोक काय म्हणतील, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नाही. गुरुवारी तुमच्याच दवाखान्यात येतील. मामी त्यांच्याजवळ बसेल का?

आशीर्वाद असावा.
भावना

अमरावती
३० नोव्हेंबर

चि. भावनास, अ. उ. आ.

बोलणं बोबडं झालं. यंदा पटावर माईक दुसऱ्याच्या हाती राहीन. वाईट वाटते, लपवत नाही.

मैनाबाई आली. डॉक्टर म्हणाले, अजून कॅन्सर नाही, पण आजपासून खर्रा बंद. बाई मामीचा हात धरून रडली. मग तिनं तिथूनच नवऱ्याले फोन लावला अन् सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, तू जेवली का, मी येऊन राहिलो.

दुपारी तो आला. दोघं पायरीवर उन्हात बसले. तो भाकर दुधात कुस्करून तिले भरवत होता, अन् येणारेजाणारे पाहत होते. तिनं पदर काई तोंडावर घेतला नाही.

सवड काढून भेटाले ये.
तुया मामा