कोरडा ठेवलेला तुकडा

ता. २ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मुख्य कचेरीत येऊन आठवडा झाला आणि मी माणूस कमी, फाइल जास्त झाले आहे. बाहेरच्या रिव्ह्यूचं मंडळ इथे उतरलंय. पाच देशांचे पाच तज्ज्ञ, आणि पाचही जण आपल्या शेती संशोधन केंद्राकडे मुलगी नापसंत करायला आल्यासारखे बघतात. चारपैकी एक विभाग बंद होणार, हे आता कोणी लपवतही नाही. संचालक माझ्या विभागाला चारचौघांत ‘आपला जुना संसार’ म्हणतात. काय ते समजा.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मंडळ केंद्राच्या शेतावर येईल. कागदांनी नाही, पण माझा ज्वारीचा तुकडा बघून त्यांची खात्री पटेल. आठ वर्षं त्यात घातली आहेत.

गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घाला आणि जाता-येता तुकड्यावर नजर ठेवा. फोन करणार होते, पण फोनला भिंतींपेक्षा जास्त कान असतात म्हणणारे तुम्हीच. आईला कळवा, मी वेळेवर जेवते. खोटं असलं तरी कळवा.

माया आहे तशीच असू द्या.
भिंगरी

ता. ७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

कुंड्या मजेत आहेत. केंद्रात मात्र लगीनघाई. भिंतींना रंग, दगडांना चुना, आणि वॉचमन कधी नव्हे तो बूट घालून उभा. माझे ठेक्याचे टँकर दिवसभर हिरवळ भिजवताहेत. मी ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापासून बघतोय, साहेब यायचा असला की गाडी धुतात, इंजिनकडे कोणी बघत नाही.

आता नीट ऐक. माळ्यांचा मुकादम मला म्हणाला, सगळीकडे पाणी मारा, तेवढा बाईंचा तुकडा सोडा, वरून तसा हुकूम आहे. मी जाऊन बघितलं तर अर्धी ज्वारी माना टाकून बसलेली. मी काय दुधखुळा आहे? संचालक कँटीनमध्ये तुझ्या विभागाबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. पाहुण्यांना तुझं शेत वाळलेलं दाखवायचं आणि तुला गुंडाळायचं, असा डाव. मुकादमाला हसून हो म्हटलं आणि पहाटे स्वतः टँकर नेऊन तुकडा पोटभर भिजवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आता सगळी ताटं कशी ताठ उभी आहेत. येऊन बघ, डोळे निवतील.

बक्षीस म्हणून एक चहा पाज. लोभात तेवढी साखर चालेल.
मामा

ता. १३ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र शेतावरून परतल्यावर हाती पडलं. काल मंडळाबरोबर तिथे आले होते, आणि तुम्हाला न भेटता गेले. भेटले असते तर तोंडून काय निघालं असतं, सांगता येत नाही.

तो हुकूम माझा होता. तुकडा मी मुद्दाम तहानलेला ठेवला होता. एका ओळीत नेहमीचं बियाणं, शेजारच्या ओळीत माझं. पाणी नसलं की नेहमीचं मान टाकतं आणि माझं उभं राहतं, एवढंच दाखवायचं होतं. काल दोन्ही सारखीच टवटवीत होती. अध्यक्षबाईंनी मातीत बोट खुपसलं, रुमालाला पुसलं आणि विचारलं, “यात फरक कुठे आहे?”

परतताना संचालकांनी वाट दाखवली. ठेकेदाराने कोणालाही न विचारता पाणी सोडलं, असं मी लेखी द्यायचं. मग ते मंडळाकडे आणखी एक हंगाम मागतील. तुमचा ठेका अर्थातच जाईल. मी थोडी मुदत मागितली आहे.

सगळ्यांचं ऐकता, मामा. मला एकदा विचारायचं होतं.
भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

लिहून दे, लगेच. जे घडलं तेच तर लिहायचंय. फक्त कागदात ‘मामा’ लिहू नकोस, ‘ठेकेदार’ लिही. माझी काळजी करू नकोस, पाण्याला गिऱ्हाईक कुठेही मिळतं.

राग ओसरला की लोभाचं बघू.
मामा

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी लेक माझ्यावर चिडली आहे आणि तिचं बरोबर आहे. मी तिच्या शेताची माती केली. पण एक गोष्ट फक्त तुला सांगतो, पोटात ठेव.

मंडळ आलं त्या दिवशी त्यांचा चहा माझ्या टँकरच्या सावलीत झाला. साहेबलोकांच्या गाड्या चालवून चालवून मला त्यांची भाषा कळते, हे अजून कुठल्या साहेबाला कळलेलं नाही. अध्यक्षबाई सोबतच्याला म्हणाल्या, “हा विभाग बंद करायचं इथे यायच्या आधीच ठरलंय. शेत बघणं आपला उपचार.” संचालक शेजारीच उभे होते, मान डोलवत. त्यांना पोरीचा कागद हवाय तो उद्या आपल्याकडे बोट नको म्हणून. हंगाम कोणी देणार नाही.

मी हे पोरीला सांगितलं तर तिला वाटेल, मामा ठेका वाचवतोय. आणि पटलं तर आणखी वाईट. आठ वर्षांचं काम मामाने बुडवलं, हे सोसता येतं. ते कोणी बघितलंच नाही, हे कसं सोसायचं? तिला माझ्यावर चिडू दे.

धाकट्या भावाला सांभाळून घे.
तुझा धाकटा

ता. २ मार्च

ती. मामांस नमस्कार.

लेखी दिलं होतं. तरी विभाग बंद झाला. संचालक म्हणतात, आपण हंगाम परोपरीने मागितला, मंडळ ऐकेना. बियाणं शीतगृहात जाईल. मला पाहुण्यांना केंद्र दाखवायचं काम मिळालंय. कुठे हिरवळ आहे ते दाखवायचं.

तुमचा ठेका गेल्याचं मुकादमाने कळवलं. वाईट वाटलं असं लिहायला बसले होते, पण अजून पुरतं वाटत नाही.

एक विचारते. केंद्रात टाचणी पडली तरी तुम्हाला ऐकू येतं. एवढं सगळं शिजत होतं, आणि या एका वेळी तुमच्या कानावर काहीच आलं नाही?
भिंगरी

ता. ६ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

कुठल्या कुंडीला किती पाणी ते कळव. आता विचारल्याशिवाय घालत नाही.

कानांचं म्हणशील तर वय झालं, पोरी. त्यात टँकरची घरघर. काहीच ऐकू आलं नाही.

लोभ सवडीने कर, घाई नाही.
मामा