पाठीला कापड कमी पडतंय

२ जून
छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बायकोने ओढून नेलं असं ती सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मीच वेळ काढून गेलो. फुप्फुसांची जुनीच कुरकुर. पण हा गृहस्थ फुप्फुसं सोडून हाडांत शिरला. म्हणे, इतकी वर्षं छाती अशी, वर सिगारेट, वर स्टेरॉइडच्या गोळ्या, त्यामुळे हाडं आतून भुसभुशीत होतात. नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडू शकते, मणका दबू शकतो. मणका दबला की छातीला जागा कमी, म्हणजे श्वास आणखी कमी. हाडांचा स्कॅन करा, जड उचलू नका, गोळ्या मनाने घेऊ नका.
खोकल्याने हाड मोडतं! उद्या म्हणतील, शिंकेने भिंत पडते.
स्कॅन करणार नाही. एकदा कागदावर आलं की पहिलं बंद होणार माझं कटिंग टेबल. मग टेलर मास्तर म्हणून उरलो कशाला?

५ जून
१ सप्टेंबरला दुकानाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला कोट घालून दारात उभा राहणार आणि दिवसभराचं कटिंग एकट्याने करणार. मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. एक जुना कोट उसवला, शिवला, पुन्हा उसवला. जे उसवता येतं ते समजतं. डॉक्टर लोकांना ही सोय नाही.
सिगारेट आजपासून बंद. दुपारची सोडून.

११ जून
निवृत्त मुख्याध्यापक ट्रायलला आले. कोट पाठीवर वर चढतो, पुढून खाली येतो, कॉलर मानेपासून सुटते. एका नजरेत ओळखलं. म्हटलं, गुरुजी, कोटात दोष नाही, पाठ वाकलीय, हाडं दाखवून घ्या. बिचारे घाबरले. अंग वाचायला नजर लागते. मशीनवर टिंगू होता. हा माझा कारागीर. वय पन्नास, उंची नावाप्रमाणे. तो काम थांबवून माझ्याच पाठीकडे बघत राहिला. शिकत असावा.

२३ जून
स्वतःचा कोट बेतला. टेप लावली नाही. माझं माप वीस वर्षं मला तोंडपाठ आहे.

३० जून, सकाळ
पहिली ट्रायल. पाठीवर वर चढतो. पुढून खाली येतो. कॉलर सुटते.
कापड खराब. हल्ली गिरणीवाले ताणलेलंच कापड गुंडाळून पाठवतात. उसवला.
बायको काजं करता करता म्हणाली, अहो, गुरुजींना काय सांगितलंत ते आठवा जरा. मी म्हटलं, गुरुजींच्या अंगात दोष होता, इथे कापडात आहे. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, मी नाचत नाही. म्हणाली, तेही कळतंय, चार पावलांत दम लागतो.

८ जुलै
टिंगू वाढतोय. पूर्वी तो समोर उभा राहिला तरी त्याच्या डोक्यावरून मला भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. आज त्याचं कपाळ दिसलं. त्याचे बूट उलटे करून पाहिले, टाच साधी. पन्नाशीत माणूस वाढतो असं माझ्या वाचनात नाही, पण पठ्ठ्या रोज फिरायला जातो. सरळ विचारलं. म्हणाला, मास्तर, मी आहे तिथंच आहे.
हे उत्तर झालं का?

१४ जुलै
पुरावा सापडला. बायको म्हणाली, तुमची उंची घटलीय. मी दहा वर्षांपूर्वीची पँट घालून दाखवली. बुटावर जिथे पडायची तिथेच पडते. उंची घटली असती तर पँट जमिनीवर लोळली नसती का? हे कुठल्याही डॉक्टरला सुचलं नसतं. त्याला टेलरच लागतो. बायकोने वाकून मोहरी पाहिली.
उभी राहत म्हणाली, पाय कुठे घटलेत? मणके बसलेत.
लग्नानंतर इतकं बोलायला लागली. त्याआधी मुकी होती असं नाही, पण मला माहीत नव्हतं.

२ ऑगस्ट
हॉटेलच्या वेटरांचे कोट आलेत. ऑर्डर मोठी. कापड माळ्यावर. जिन्यात दोनदा थांबलो, ते विचार करण्यासाठी. मागच्या आजारातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या काढल्या. मात्रा मी स्वतः बसवलीय: काम जास्त तर गोळी जास्त. संध्याकाळपर्यंत श्वास मोकळा, भूक जोरात. पाकीट खडूच्या डब्यात ठेवलं. लपवलं नाही. ठेवलं.

१० ऑगस्ट
टिंगू बाहेर गेला होता. काळ्या कापडाचा अख्खा तागा मी एकट्याने उचलला. उचलला हे महत्त्वाचं. त्याच क्षणी पाठीच्या मधोमध काहीतरी कट्कन वाजलं. टेबल असावं, जुनं लाकूड आहे. घाम फुटला. टेबल दोन्ही हातांनी धरलं. बायको आतून आली. म्हणाली, काय झालं? म्हटलं, कापडाचा पोत बघतोय. ती हलेना. मला हात सोडता येईना. तिच्याकडे बघून हसलो. हसायला इतकी पाठ लागते हे माहीत नव्हतं.
ती आत गेली. खुर्ची हाताच्या अंतरावर होती. तिथवर गेलो नाही.
स्नायू आखडला. शेक घेणे.

११ ऑगस्ट
स्नायूच. कूस बदलताना, उठताना आणि श्वास घेताना तेवढा दुखतो. एरवी नाही. अर्धाच श्वास घ्यायचा असं ठरवलं; पुरतो. खोकायचंही नाही.
(दुपारी) खोकलो. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे चेहरा दिसू नये.

१७ ऑगस्ट
बायकोला खडूच्या डब्यात पाकीट सापडलं. ती ओरडली नाही. हे लक्षण वाईट. पाकीट टेबलावर माझ्यासमोर ठेवून म्हणाली, उद्या स्कॅनला चला, नाहीतर दुकानाची किल्ली माझ्याकडे राहील. मी म्हटलं, मोडेन पण वाकणार नाही. म्हणाली, तुम्ही दोन्ही एकदम करताय. टिंगू फस्सकन हसला, मग मशीनचा दोरा ओवत बसला. दोरा ओवलेलाच होता.
तडजोड: २ सप्टेंबरला स्कॅन. एक तारीख तेवढी पार पडू दे. ती म्हणाली, तोवर काही मोडलं तर? मी म्हटलं, काय मोडणार?
तिने किल्ली दिली.

२१ ऑगस्ट
कोट तयार. तिसऱ्यांदा. ताठ उभं राहून श्वास रोखला की अप्रतिम बसतो. तेवढं पुरे; दारात उभं राहायचंय, पोहायचं नाही. टिंगू म्हणाला, मास्तर, एकदा टेप लावू द्या, पाठीचा तुकडा वाढवून देतो. मी म्हटलं, माझा कोट तू बेतणार? तो म्हणाला, नाही मास्तर. नुसतं म्हटलं.

२५ ऑगस्ट
हॉस्पिटल. अक्षर वाकडं, कारण पडून लिहितोय.
काल सकाळी टेबलावर वाकून वेटरांच्या बाह्या कापत होतो. खोकला आला. बस्स, एवढंच. पडलो नाही, घसरलो नाही, काही उचललं नाही. खोकलो. डाव्या कुशीत काडी मोडल्यासारखा आवाज झाला. टेबलाचा नव्हता. ओरडायला श्वासच नव्हता. टिंगूने मागून धरलं. लोक येईपर्यंत तसाच धरून उभा होता. सोडलं नाही.
एक बरगडी. दोन मणके, त्यातला एक ताज्या दुखण्याचा, दुसरा कधीचा कोण जाणे. डॉक्टरांनी फोटो दाखवला. मणका पुढून चेपलेला, मागून जसाच्या तसा. म्हणजे पुढे कमी, पाठीला जास्त. मला समजावून सांगावं लागलं नाही. कापडाबद्दल मी काही बोललो नाही.
गोळ्यांचं बायकोने सांगितलं. डॉक्टर तिच्यावर रागावले नाहीत, माझ्यावर रागावले. हाडांचं औषध सुरू. टेबल बंद. खोकला दाबायचा नाही, कफ साचला तर न्यूमोनिया होईल. उशी कुशीशी घट्ट धरून खोकायचं.

१ सप्टेंबर
घरी. दुकानामागच्या खोलीत, पलंगावर. पंचवीस वर्षं.
दार टिंगूने उघडलं. त्याला ताकीद दिली होती, अडलं की आत येऊन विचार. मधली भिंत लाकडी; सगळं ऐकू येतं. सकाळपासून वाट पाहिली. वकीलबाई ट्रायलला आल्या. त्यांचा उजवा खांदा उतरता, बाही कायम अवघड. आता येईल म्हणून नीट बसलो. टिंगू म्हणाला, हात सैल सोडा, बाई. मग खडूचा आवाज. बाई म्हणाल्या, वा, या वेळी खांद्याला टोचत नाही. मास्तर कुठायत? टिंगू म्हणाला, आत आहेत, पडलेत जरा. बाई म्हणाल्या, पडू द्या त्यांना.
त्या गेल्यावर टेबलावर कात्री सुरू झाली. सलग. एकदाही थांबली नाही.
मी खोकलो. मुद्दाम. मी इथे आहे हे कळावं म्हणून. अगदी हळू, तरी डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाहेर कात्री चालूच. माझा खोकला बाहेरच्यांना रोजचाच.
बायको आली. म्हणाली, उशी कुठंय? उशी धरून खोकायचं सांगितलंय ना?
उशी धरली.